चीक : स्तनपानविषयक लोकसमजुती
प्रसूतीनंतरचे पहिले दाट, पिवळसर, रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध दूध म्हणजे चीक. ग्रामीण महाराष्ट्रात तो ‘बाळाला पचत नाही’ म्हणून पिळून टाकण्याची आणि मधाचे बोट चाटवण्याची रीत होती. गाईच्या चिकाचा खरवस मात्र आवडीने खाल्ला जाई. तरीही स्तनपानाला होणाऱ्या उशिराचे खापर केवळ आजी-सासूबाईंवर फोडणे अन्यायाचे आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 88.6 टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या, पण पहिल्या तासात स्तनपान 41.8 टक्के बालकांनाच मिळाले. शस्त्रक्रियेमुळे उशीर होतो, हा आक्षेप अपुरा आहे; अशा प्रसूती 21.5 टक्केच होत्या. म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडीसारख्या विखुरलेल्या वाड्यांच्या डोंगरी तालुक्यात आशाताईंनी सासूबाईंना गरोदरपणातच विश्वासात घ्यावे आणि प्रसूतिकक्षातील परिचारिकेने बाळ लगेच आईच्या छातीशी द्यावे.