गुलाबाच्या अत्तरातलं आपलं गवत

तुम्ही आर्वी-कारंजा भागातले असाल, तर तिखाडी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पाऊस सरला की टेकड्यांवर माणसाच्या उंचीचं उभं राहणारं, तुरे हळूहळू तांबूस होत जाणारं गवत. छपराला वापरतात. त्याचं पान चुरडून नाकाशी धरा. आधी हिरवा, जरा तिखट वास येतो. थोडं थांबलात तर त्यामागून चक्क गुलाब येतो.

माझ्या पीएचडीचा विषय एकोणिसाव्या शतकातला वनोपजाचा व्यापार. वर्ध्याचा इतिहास म्हटला की कापूस आणि सेवाग्राम यांच्यापुढे सहसा कोणी जात नाही, त्यामुळे गवतावर काम करतो म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. जगातल्या सगळ्यात प्रतिष्ठित फुलांच्या सुगंधात हे गवत शिरलं होतं, आणि ते कसं, ते आज सांगतो.

आधी गुलाबाचा वास म्हणजे काय ते बघू. बल्गेरियाच्या काझानलक खोऱ्यात दमास्क गुलाबाच्या पाकळ्यांपासून तेल काढतात. एक किलो तेलाला साधारण तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. (आपल्याकडचं कनौजचं अत्तर वेगळं, तिथे गुलाबाची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात.) या तेलाचा वास एकेरी नसतो. त्यात मध असतो, थोडा मसाला असतो, मेणासारखा मऊपणा असतो. पण ज्यामुळे आपण डोळे मिटून "गुलाब!" म्हणतो, त्यात मोठा वाटा जेरॅनिऑल नावाच्या द्रव्याचा. आणि तिखाडीच्या तेलात, म्हणजे रोशा तेलात, हेच द्रव्य पाऊण हिश्शाहून जास्त असतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोबसेन याने १८७१ मध्ये जेरॅनिऑल पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं, ते गुलाबातून नव्हे. हिंदुस्थानातून आलेल्या गवताच्या तेलातून!

हे तेल निघायचं वर्ध्याच्या पश्चिमेला: मेळघाट-एलिचपूर (आजचं अचलपूर), बैतूल, निमाड आणि खानदेश. पावसाळ्यानंतर गवत फुलोऱ्यावर आलं की नाल्याकाठी भट्टी लावायची, कारण वाफ थंड करायला पाणी जवळ हवं. भांड्यात गवत आणि पाणी भरायचं, तोंड बंद करायचं, वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात न्यायची. वर तरंगतं ते तेल. काम हंगामी, धुराचं, आणि अंदाज चुकला की तेल करपणार. ते तेल कातडी बुधल्यांत भरून मुंबईला जायचं, तिथून तांब्याच्या भांड्यांत तांबड्या समुद्रावरच्या बंदरांना, आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला.

तिथे त्याचं काय होत असे? लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर तेल घुसळायचं आणि मग उन्हात ठेवायचं. रंग फिकट व्हायचा, गवताचा उग्रपणा उतरायचा. मग ते गुलाबाच्या तेलात मिसळायचं. काही ठिकाणी तर ऊर्ध्वपातनाआधीच पाकळ्यांवर शिंपडायचं, म्हणजे पकडायची सोयच नाही. खरेदीदारही काही कच्चे नव्हते. खरं गुलाबतेल साधारण वीस अंशांच्या आसपास गोठायला लागतं, गवताचं गोठत नाही. म्हणून बाटली गार पाण्यात धरून बघायची. यावर भेसळ करणाऱ्यांनी उपाय काढला: देवमाशाच्या डोक्यातलं मेण घालायचं! म्हणजे गोठतंही आणि वासही गुलाबाचाच.

आता माझं भांडण कशाशी आहे ते सांगतो. युरोपीय औषधी ग्रंथांत आणि व्यापारी लिखाणात रोशा तेल बहुतेक वेळा "भेसळ" या एकाच सदरात भेटतं. भेसळ होत होती हे खरंच, मी ती झाकत नाही. पण ती व्हायची काझानलककडे. नाल्याकाठी भट्टी लावणाऱ्याने गवताचं तेल गवताचं म्हणूनच विकलं होतं. वर गंमत अशी की कॉन्स्टँटिनोपलमार्गे गेलं म्हणून युरोपात त्याला "टर्किश जिरेनियम ऑइल" म्हणायला लागले. ते ना तुर्की, ना जिरेनियमचं! एका नावात आमचा सगळा पट्टा गायब. पुढे साबण आणि स्वस्त सुगंध आले, तेव्हा हेच तेल उजळ माथ्याने वापरात आलं. गुलाबाच्या वासाचा साबण तुम्ही कधी वापरला असेल, तर त्यात हे गवत नसेलच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

एक गोष्ट राहिली. हे गवत दोन जातींचं असतं, मोतिया आणि सोफिया. दिसायला इतकी सारखी की वनस्पतिशास्त्रज्ञांनीही डोकं धरलं. पण गुलाबाचं तेल देते ती मोतिया. सोफियाचं तेल रुक्ष, हलक्या प्रतीचं, बाजारात त्याला "जिंजरग्रास" म्हणत. भट्टीवाले मात्र हा फरक जाणून होते, नाहीतर दोन जातींना दोन नावं पडलीच नसती. येत्या ऑक्टोबरात टेकडीवर गेलात तर दोन-चार ठिकाणची पानं चुरडून बघा. कुठे गुलाब येईल, कुठे नुसतंच गवत.