अंड्याचं कवच आणि ठाण्याची खाडी

रबाळे स्टेशनच्या पूर्वेला एमआयडीसी, पश्चिमेला वस्ती ओलांडली की ठाण्याची खाडी. इथले कारखाने साठच्या दशकापासूनचे. फ्लेमिंगो मोठ्या संख्येने येऊ लागले ते नव्वदच्या दशकात. २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. पक्षी एवढे आहेत, म्हणजे खाडी ठीक असणार? संशोधनात येणार असाल तर या 'म्हणजे'पाशी जरा थांबा.

१९६० च्या सुमारास ब्रिटनमधल्या कबुतरं पाळणाऱ्यांनी तक्रार केली की बहिरी ससाणे फार झालेत. डेरेक रॅटक्लिफ यांनी मोजणी केली तर ससाणे उलट झपाट्याने कमी होत होते. घरट्यांत फुटकी अंडी सापडत होती. मग त्यांनी काय केलं, तर हौशी लोकांनी आणि संग्रहालयांनी जमवलेली जुनी अंडी वजनाला लावली. १९४७ च्या आसपास कवच एकदम पातळ झालेलं दिसलं. डीडीटीचा वापर वाढला तो याच काळात. १९६७ मध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. डीडीटीपासून शरीरात तयार होणारं डीडीई कवचाला मिळणारं कॅल्शियम अडवतं, हे पुढे कळलं. समुद्रपक्ष्यांत याचा सर्वात भयानक पुरावा कॅलिफोर्नियाचा. तिथल्या डीडीटी कारखान्याचं सांडपाणी गटारातून समुद्रात जायचं. १९७० मध्ये अनाकापा बेटावर पेलिकनच्या ५५२ घरट्यांतून १ पिल्लू वाचलं. उबवणाऱ्या पक्ष्याच्या वजनानेच अंडी फुटत होती. मोठे पेलिकन मात्र आकाशात उडताना दिसतच होते!

आता आपली खाडी बघा. फ्लेमिंगो (काटेकोर अर्थाने हा समुद्रपक्षी नाही, पण चिखल तोच) नील-हरित शैवाल खातो, आणि शैवाल सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर वाढतं. म्हणजे गर्दी हीच प्रदूषणाची खूण असू शकते. शिवाय तो इथे अंडी घालत नाही; घरटी कच्छच्या रणात. हिवाळ्यात येणारा तपकिरी डोक्याचा कुरव तर लडाख-तिबेटकडे घरटी करतो. विष इथलं असलं तरी फुटकं अंडं तिकडे सापडेल. मग मोजायचं काय? बहुतेक जण पीस म्हणतात. पण पिसात धातू शिरतो तो पीस वाढत असतानाच, तेव्हा ते कुठे वाढलं हे आधी ठरवावं लागतं. जुन्या संग्रहांतली पिसं तुलनेला घ्यावीत, तर कातडी टिकवायला पूर्वी आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार वापरत. म्हणून जुन्या पिसात एकूण पारा मोजून चालत नाही. मिथाइल पारा मोजतात, कारण तो पक्ष्याच्या अन्नातूनच आलेला असतो.