गप्पी : अंडज की जरायुज?

आपल्या परंपरेने जीवसृष्टीचे चार वर्ग केले : जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. संतसाहित्य शिकविताना हे शब्द आम्हाला वारंवार उलगडून सांगावे लागतात आणि उदाहरणे देताना मासा न अडखळता अंडजांत जाऊन बसतो. जळगाव-धुळ्याच्या दिवाणखान्यांतील काचेच्या पेटीत फिरणारा गप्पी मात्र ही वर्गवारी मोडतो. त्याची मादी अंडी बाहेर घालीत नाही. ती पोटातच वाढतात आणि सुमारे महिन्याभराने पोहती पिले जन्माला येतात. जरायु म्हणजे वार. ती येथे नाही, तेव्हा त्याला जरायुजही म्हणता येत नाही. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे त्याचेच भाऊबंद. गंमत अशी, की मनुस्मृतीने उष्म्यापासून उपजणाऱ्या स्वेदजांत ज्या डासाला घातले, त्याच डासाच्या अळ्या खाणारा म्हणून महाराष्ट्र गप्पीला ओळखतो. जुन्या वर्गवारीत न मावणारा एक जीव तिच्यातच चुकीच्या जागी बसविलेल्या दुसऱ्या जीवाला गिळतो आहे!

नावाचा इतिहासही असाच वाकडा आहे. 1859 मध्ये विल्हेल्म पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून या माशाचे वर्णन केले. पुढे त्रिनिदादमधील रॉबर्ट गप्पी यांनी तेथील मासे लंडनला धाडले आणि 1866 मध्ये आल्बर्ट ग्युंथरने त्यांच्या नावे नवी जात जाहीर केली. अग्रक्रमाच्या नियमाने शास्त्रीय नावात पीटर्सची सरशी झाली. लोकांच्या तोंडी मात्र गप्पी राहिला. कर्तृत्व कोणाचे आणि नाव कोणाचे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. मराठीत तर या आडनावाचे विशेषणच झाले. 'गावठी', 'देशी', तसे 'गप्पी मासे'. हे शब्द भिंतीवर वाचणाऱ्याला त्यामागे कोणी माणूस असेल अशी शंकाही येत नाही, आणि 'गप्पा' हा शब्द शेजारी असल्यामुळे ते परकेही वाटत नाहीत.

मासा हौसेने पाहावा, ही कल्पना मात्र आम्हाला वाटते त्याहून नवी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या 12व्या शतकातील ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. मराठीचे विद्यार्थी हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी ओळींसाठी ओळखतात. मत्स्यविनोदात माशांच्या जाती आहेत, त्यांना घालावयाचे खाद्य आहे. पण विनोदाचा शेवट गळ टाकण्यात आहे. काचेआडचा मासा ही एकोणिसाव्या शतकाची देणगी. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप गॉसच्या पुस्तकाने त्याचा छंद घरोघर नेला. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले. खानदेशातून मुंबईला सहलीला गेलेल्या कित्येक मुलांनी काचेआडचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तेथेच.

गप्पीची सरकारी कारकीर्द वेगळीच. 1911 च्या अहवालात चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापाचे मूळ शहरातील विहिरींत दाखविले. विहिरी बुजविण्यास व झाकण्यास पारशी आणि हिंदू कुटुंबांनी धर्माच्या आधारे विरोध केला. विहीर उघडी राहावी आणि अळ्याही जाव्यात, असा मधला मार्ग मासाच देऊ शकत होता. 1928 मध्ये इटलीहून गांबुसिया हा गप्पीचा नातलग भारतात आणला गेला. मग डीडीटीचे युग आले. 1958 मध्ये हिवताप निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, मासा विस्मृतीत गेला. पण डास डीडीटीला सरावले आणि 1976 मध्ये देशात 64 लाखांवर रुग्ण नोंदले गेले. माशाची आठवण त्यानंतर पुन्हा झाली.

खानदेशात या माशाचे बस्तान का बसले, याचे उत्तर पाण्यात आहे. काळ्या बेसॉल्टमधून येणारे विंधनविहिरीचे पाणी जड. त्यात डाळ शिजत नाही, भांड्यांना पांढरा थर चढतो. पिले देणाऱ्या या कुळाला मात्र असेच जड, किंचित अल्कधर्मी पाणी मानवते. गृहिणीचा वैताग तो मॉलीचा मेवा! 2005 नंतरच्या भारनियमनात हवेचे पंप तासन् तास बंद पडत, तेव्हाही वर वळलेल्या तोंडाने पृष्ठभागालगतचे पाणी घेणारा गप्पी तगून राही. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या घरांत टाक्या आणि पिंपे भरलेली असतातच. डेंग्यूचा डास तेथेच वाढतो आणि मासाही तेथेच सोडता येतो. पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा मात्र त्यालाही जड जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी. पेटीवर ओले फडके टाकणे हा उपाय खरा.

आमचा आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. एका मिलनाचे बीज साठवून मादी कित्येक महिने पिले देत राहते. म्हणजे एकटी मादीही वसाहत उभी करू शकते. पेटीत गर्दी झाली की उरलेले मासे तलावात किंवा नाल्यात सोडणे अनेकांना पुण्याचे वाटते. बंद टाकीतला मासा आणि पांझरेत किंवा मेहरूण तलावात सोडलेला मासा यांत फरक आहे. दुसरा स्थानिक माशांची अंडी-पिले खातो, त्यांच्या अन्नात वाटेकरी होतो. डोक्यावर चंदेरी ठिपका मिरविणारा ॲप्लोकायलस हा आपला देशी मासाही डासांच्या अळ्या आवडीने खातो. भिंतीवरच्या जाहिरातीत त्याला जागा मिळाली नाही, कदाचित मराठीत रुळेल असे नावच त्याला कोणी दिले नाही म्हणून.