गावाच्या बातम्यांचे संकेतस्थळ : प्रणाली निवडताना

अलिबाग तालुक्यातील थळ हे समुद्राला लागून वसलेले गाव. समोर खांदेरीचा जलदुर्ग, किनाऱ्यावर कोळीवाडा, मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि १९८५ पासून राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना. अशा गावात बातम्यांचा तुटवडा नसतो. परंतु मुंबईच्या दैनिकांत थळला जागा मिळते ती अपघात, वादळ किंवा एखाद्या मोठ्या घोषणेच्या दिवशी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात खांदेरीचा समावेश झाला, तेव्हा हे नाव चार ओळींत येऊन गेले. ग्रामसभेतील ठराव, जेटीची दुरुस्ती, बोटींच्या अडचणी, वाडीतील पाण्याचा प्रश्न यांची नोंद ठेवायची तर गावकऱ्यांनाच आपले संकेतस्थळ उभारावे लागते. अलिबागमध्ये 'कृषीवल'ने १९३७ पासून छापील अंकात जे केले, त्याचेच हे लहान रूप म्हणता येईल.

संकेतस्थळ काढायचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो आशय व्यवस्थापन प्रणालीचा, म्हणजेच 'सीएमएस'चा. बातमी लिहिणे, तपासणे, छायाचित्र जोडणे, प्रसिद्ध करणे आणि जुनी बातमी शोधून देणे ही सारी कामे या प्रणालीमुळे संगणकतज्ज्ञाच्या मदतीविना करता येतात. निवड करताना बहुतेक मंडळी मुखपृष्ठ किती देखणे दिसते ते पाहतात. वास्तविक मुखपृष्ठ केव्हाही बदलता येते. दहा वर्षांनी, सुरुवात करणारी माणसे नोकरीनिमित्त पांगल्यावर, साठलेला मजकूर दुसरीकडे सुखरूप नेता येईल काय, हे आधी पाहावयास हवे.

ही शंका अनाठायी नाही. २००० च्या आसपास अनेक मराठी दैनिकांच्या इंटरनेट आवृत्त्या स्वतंत्र फॉन्टवर चालत. तो फॉन्ट वाचकाने आपल्या संगणकावर उतरवून घेतला नाही तर पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांचा सडा दिसे. प्रत्येक फॉन्टची अक्षरयोजना निराळी असल्याने एका दैनिकाचा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे आणि शोधयंत्रांना तर तो मराठी आहे हेच कळत नसे. पुढे युनिकोड रुळल्यावर नवा मजकूर सुधारला; मात्र त्यापूर्वीचे कित्येक लेख रूपांतर न झाल्यामुळे वाचकांच्या दृष्टीने नाहीसेच झाले. छापील अंक निदान ग्रंथालयात सापडतो. गावाच्या संकेतस्थळाची छापील प्रत कोठेच नसते.

आज युनिकोडबाबत कोणतीही प्रमुख प्रणाली मागे नाही. तरीही मराठीच्या काही अडचणी शिल्लक आहेत आणि थळचे नाव त्यांची उत्तम कसोटी ठरते. ड्रुपल या प्रणालीचा मूळ शोध तीन अक्षरांहून लहान शब्द सूचीत घेत नाही. इंग्रजीत त्याने बिघडत नाही. 'थळ' या शब्दात मात्र दोनच अक्षरे. म्हणजे गावाच्या संकेतस्थळावर गावाचेच नाव शोधता येणार नाही! ही मर्यादा व्यवस्थापकाला बदलता येते. पण ती आहे हे ठाऊक असले तर. शिवाय पूर्ण शब्द जुळवणाऱ्या शोधाला 'थळच्या' आणि 'थळला' हे निराळेच शब्द वाटतात.

वर्डप्रेसचा शोध याच्या अगदी उलट वागतो. तो शब्दाचा तुकडाही जुळवतो, त्यामुळे 'थळच्या' सापडते. त्याबरोबर 'उथळ', 'पाणथळ', 'स्थळ' आणि अर्थातच 'संकेतस्थळ' हे शब्द असलेली प्रत्येक बातमीही समोर येते. यावर सोपा उपाय आहे. गावाचे व पाड्याचे नाव शोधावर न सोडता बातमीचा वर्ग म्हणून पहिल्या दिवसापासून स्वतंत्र नोंदवावे.

अक्षरांच्या बाबतीत आणखी दोन खाचखळगे आहेत. 'किनाऱ्यावर' किंवा 'वाऱ्याचा' यांतील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो, एकदा नुक्ता असलेल्या 'ऱ' या अक्षराने आणि एकदा साध्या 'र'नंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते भिन्न आहेत. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी, आणि काही कळफलकांवर आजही, 'अ'वर चंद्र देऊन ते लिहिले जाते. परिणामी एका वार्ताहराने लिहिलेले 'ॲडव्होकेट' दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. प्रणाली कोणतीही असो, प्रसिद्धीपूर्वी ही चिन्हे एकसारखी करून घेणारी छोटी सोय संगणकतज्ज्ञाकडून बसवून घ्यावी.

पानाच्या पत्त्याचेही तसेच. देवनागरी पत्ता दिला की त्यातील प्रत्येक अक्षराची व मात्रेची नऊ रोमन चिन्हे होतात. वर्डप्रेसमध्ये या भागाला दोनशे चिन्हांची मर्यादा असल्याने मराठी मथळा बाविसाव्या चिन्हानंतर कापला जातो आणि व्हॉट्सॲपवर पाठविलेला दुवा मंत्रासारखा दिसतो. रोमन लिपीतील आखूड पत्ता व तारीख हा व्यवहार्य मार्ग होय.

आता प्रत्यक्ष निवड. २००३ मध्ये आलेली वर्डप्रेस ही प्रणाली जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वापरतात. तिचा जाणकार अलिबाग-पेणमध्येही मिळू शकतो, आणि लहान संस्थेला हा गुण इतर सर्व गुणांहून मोलाचा आहे. ड्रुपल (२००१) अधिक शिस्तबद्ध आहे. 'मनोगत' आणि 'मिसळपाव' ही वाचकांच्या लेखनावर चालणारी मराठी संकेतस्थळे तिच्यावर उभी राहिली. परंतु २०११ च्या सातव्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे जवळजवळ नवे घर बांधून सामान हलविण्यासारखे होते. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. जूमला या दोहोंच्या मधली. गुगलच्या ब्लॉगरला खर्च नाही आणि मजकूर उतरवूनही घेता येतो, मात्र संपादकीय तपासणीची सोय तोकडी आहे. ह्यूगोसारखी साधने तयार पानेच सर्व्हरवर ठेवतात. ती वेगवान व सुरक्षित असली तरी लिहिणाऱ्याला तंत्राची सवय लागते. चार-पाच स्वयंसेवकांच्या थळसारख्या गावाला वर्डप्रेसच सोयीचे पडेल, असे एकंदरीत दिसते.

त्यातही कामाची वाटणी समजून घ्यावी. वर्डप्रेसमध्ये सर्वांत खालच्या पायरीवरील लेखकाला बातमी लिहिता येते, पण प्रसिद्ध करता येत नाही. ही अट योग्यच आहे, कारण कारखान्यातील वायुगळतीची अफवा तपासणीविना गेली तर गावात गोंधळ उडेल. अडचण अशी की त्या पायरीवर छायाचित्रही चढविता येत नाही. जेटीवरून मोबाइलने छायाचित्र पाठविणाऱ्या तरुणाला तेवढी परवानगी वेगळी द्यावी लागते; अन्यथा तो कंटाळून संपादकाचाच परवलीचा शब्द मागून घेतो. मग कोणती दुरुस्ती कोणी केली, याचा माग राहत नाही.

सुरक्षेची हयगय महाग पडते. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमधील गंभीर दोष उघड झाला तेव्हा सात तासांच्या आत दुरुस्ती न केलेले संकेतस्थळ हल्लेखोरांच्या ताब्यात गेले असे समजूनच चाला, असा इशारा ड्रुपलच्या सुरक्षा चमूने दिला होता. वर्डप्रेसमध्ये धोका प्रामुख्याने बाहेरून जोडलेल्या प्लगइनांतून येतो. म्हणून ती मोजकीच असावीत. पान हलके राहण्यासही त्याची मदत होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. तशा वेळी अशक्त नेटवर्कवर उघडते ते मजकुराचे साधे पान, फिरत्या चित्रांचे नव्हे.

राहिला मजकूर बाहेर काढण्याचा मुद्दा. वर्डप्रेसची निर्यात धारिका मजकूर देते, छायाचित्रे देत नाही. त्यांचे केवळ पत्ते देते. जुना सर्व्हर आधीच बंद केला तर बातम्या उरतात आणि चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. यासाठी चित्रांचा संच व माहितीसाठा यांची प्रत दरमहा निराळ्या जागी ठेवावी. संकेतस्थळाचे नाव उत्साही कार्यकर्त्याच्या व्यक्तिगत खात्यावर न नोंदवता संस्थेच्या नावे नोंदवावे आणि नूतनीकरणाची सूचना किमान दोघांना जाईल असे पाहावे. निर्णय पक्का करण्यापूर्वी दहा खऱ्या बातम्या छायाचित्रांसह चढवाव्यात, त्या सर्व उतरवून दुसऱ्या रिकाम्या जागी पुन्हा उभ्या कराव्यात आणि तेथे 'थळ' शोधून पाहावे.