क्षुल्लक मानलेलें पडसें



पुणेंकरांना साथींची आठवण मुद्दाम करून द्यावी लागत नाहीं. १८९७ सालचा प्लेग, त्या वेळच्या घरोघरच्या झडत्या आणि २२ जून रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर झालेला गोळीबार, हें सारें येथील शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. परंतु देशांत प्लेगानें वीस वर्षांत जेवढे बळी घेतले, निदान तेवढे ज्या इन्फ्लुएंझानें १९१८ सालीं कांहीं महिन्यांत घेतले, त्याचें स्मरण फारसें कोणी करीत नाहीं. असें कां व्हावें? मला त्याचें कारण असें दिसतें कीं, प्लेग अनोळखी शत्रूच्या वेषांत आला आणि इन्फ्लुएंझा नेहमींच्या पडशाच्या वेषांत आला. पडशाला भिण्याची आपली रीतच नाहीं.

पडशाची व आपली ओळख फार जुनी. आयुर्वेदांत त्यास प्रतिश्याय म्हणतात. धूळ, धूर, थंडी, जागरण हीं त्याचीं कारणें प्राचीन ग्रंथकारांनीं सांगितलीं आहेत. सुश्रुतसंहितेंत अन्यत्र एकापासून दुसऱ्यास जडणाऱ्या रोगांची गणना आहे. स्पर्श, श्वास, सहभोजन, दुसऱ्याचीं वस्त्रें वापरणें, या वाटांनीं ज्वर व नेत्ररोग पसरतात असें तेथें म्हटलें आहे; पडशाचें नांव मात्र निराळें घेतलेलें नाहीं. पावसांत भिजल्यानें पडसें होतें ही समजूत घरोघर टिकली. शेजाऱ्याच्या शिंकेनें तें होतें, हें क्वचितच कोणाच्या मनांत आलें.

जून १९१८ मध्यें इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरांत उतरली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरांत दुसरी आली ती प्राणघातक ठरली. त्या वर्षीं पाऊस पडला नव्हता, धान्य महागलें होतें, आणि आगगाडीनें रोग गांवोगांवीं पोंचविला. लोकांनीं त्यास ‘मानमोडी’ असें नांव दिलें. आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशांत १९११ सालीं सुमारें २ कोटि १५ लक्ष माणसें होतीं. १९२१ सालीं तीं २ कोटि ८ लक्षांवर आलीं. या घटींत प्लेगाचा व दुष्काळाचाहि हात होता, परंतु मोठा वांटा मानमोडीचाच.

त्या काळीं डॉक्टरांनाहि खरा शत्रु दिसत नव्हता. तथापि त्याचा माग लागूं लागला होता. १९१४ सालीं जर्मनींत क्रूझे नांवाच्या प्राध्यापकानें पडसें झालेल्या एका माणसाच्या नाकांतील स्राव, जंतु पार होऊं शकणार नाहींत अशा गाळणींतून गाळला आणि त्याचे थेंब १२ निरोगी माणसांच्या नाकांत सोडले. त्यांपैकीं ४ जणांना पडसें झालें. म्हणजे जंतूंहूनहि सूक्ष्म असें कांहीं तरी त्या स्रावांत होतें. १९३३ सालीं लंडन येथें इन्फ्लुएंझाचा विषाणु हातीं लागला. १९४६ सालीं इंग्लंडांत सॅलिस्बरी येथें केवळ पडशाच्या अभ्यासासाठीं एक केंद्र निघालें. तेथें स्वयंसेवकांना ओल्या अंगानें वाऱ्याच्या झोतांत उभें करून पाहिलें. नुसत्या गारठ्यानें पडसें झालें नाहीं. पुढें १९५६ सालीं पडशाचा मुख्य कारक, ऱ्हायनोव्हायरस, सांपडला. त्याचे दीडशेंहून अधिक प्रकार आहेत. पडशावर लस निघूं शकली नाहीं याचें मोठें कारण हेंच. थंडी मात्र सर्वस्वीं निर्दोष नव्हे. शरीराहून किंचित् थंड अशा नाकांत हे विषाणु चांगले वाढतात, आणि गारठ्यांत व पावसांत माणसें दारें-खिडक्या लावून एकत्र बसतात.

१९५२ सालीं पुण्यांत विषाणु संशोधन केंद्र स्थापन झालें. १९७८ सालीं त्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असें नांव मिळालें. इन्फ्लुएंझाचा जोर येथें पावसाळ्यांत अधिक असतो, हें या शहरांतील अभ्यासानें दाखविलें. अशाच एका पावसाळ्यांत, ३ ऑगस्ट २००९ रोजीं, स्वाइन फ्लूनें देशांतील पहिला बळी पुण्यांतच घेतला. ती एक शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढें रांगा लागल्या, रस्तोरस्तीं नाकावर रुमाल दिसूं लागले. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील पहिले करोना-रुग्ण त्याच रुग्णालयांत दाखल झाले. करोनाच्या कुळांतील कांहीं विषाणु साध्या पडशालाहि कारण होतात, हें येथें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

प्रत्येक वेळीं शहर घाबरलें, शिकलें आणि साथ ओसरतांच पुष्कळसें विसरलें. उपाय मात्र तेच राहिले आहेत. शिंकतांना तोंडावर रुमाल अथवा कोपर धरावें; साबणानें हात धुवावे व न धुतलेला हात नाका-डोळ्यांस लावूं नये; खोलींत वारा खेळूं द्यावा; पडसें झालेल्या मुलास शाळेंत धाडूं नये. साध्या पडशावर जंतुनाशक औषधें निरुपयोगी आहेत. विश्रांति व गरम पेय पुरतें. धाप लागली किंवा ताप उतरेना, तर मात्र पडसें म्हणून घरीं न बसतां डॉक्टर गांठावा. वृद्धांनीं व गर्भवती स्त्रियांनीं इन्फ्लुएंझाची लस दर वर्षीं घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारावें. या संवयी क्षुल्लक पडशाच्या दिवसांत अंगवळणी पडल्या, तर पुढील साथ पडशाच्या वेषांत आली तरी तिला दार उघडें सांपडणार नाहीं.