वाहनांसाठी सीरियल फ्लॅश चिप कशी निवडावी?

भिलाईहून नागपूरकडे निघालेल्या बसचा मोबाईल संपर्क मध्येच तुटला, तर त्या काळातील तिचा ठावठिकाणा बसमधील यंत्र स्वतःजवळ साठवते आणि संपर्क येताच पाठवते. ही साठवण बहुधा सीरियल फ्लॅश चिपवर होते. बहुतेकदा आठच पाय असलेली ही चिप वीज गेली तरी माहिती विसरत नाही.

१ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना असे यंत्र सक्तीचे झाले. रिक्षांना मात्र सूट मिळाली. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४० मानकानुसार यंत्रात किमान ४०,००० नोंदी मावल्या पाहिजेत. एक नोंद १०० बाइटची धरल्यास ४० लाख बाइट होतात. ३२ मेगाबिटची चिप त्यास जेमतेम पुरते, म्हणून ६४ मेगाबिटची घेणे बरे.

खरा प्रश्न क्षमतेचा नव्हे, झिजेचा आहे. फ्लॅशमधील जुनी माहिती बदलताना किमान एक विभाग, सहसा ४ किलोबाइटचा, पूर्ण पुसावा लागतो आणि असा विभाग साधारणपणे एक लाख वेळा पुसता येतो. दर १० सेकंदांना एक, म्हणजे दिवसाला ८,६४० नोंदी सर्व विभागांत क्रमाने फिरवत लिहिल्यास प्रत्येक विभाग वर्षात चाळीस वेळाही पुसला जात नाही. परंतु शेवटची नोंद कोठे आहे, हा आकडा दर वेळी एकाच विभागात पुसून लिहिला, तर तो विभाग बारा दिवसांत लाखाची मर्यादा गाठतो. तेथे महागडी चिपही उपयोगाची नाही.

ही भीती काल्पनिक नाही. टेस्ला कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांतील ८ गिगाबाइटची फ्लॅश, जी वेगळ्या जातीची होती, सततच्या लेखनाने झिजून मागील कॅमेऱ्याचे चित्र बंद पडत होते.

उष्णता हा दुसरा निकष. भिलाईत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या बंद वाहनात तो याहून बराच चढतो. एईसी-क्यू१०० या वाहन-मानकाची तिसरी श्रेणी ८५ अंशांपर्यंत, दुसरी १०५ व पहिली १२५ अंशांपर्यंत चालते. प्रवासी कक्षातील यंत्रास दुसरी श्रेणी सुरक्षित. इंजिनालगत पहिलीच हवी.

इंजिन सुरू होताना बॅटरीचा दाब क्षणभर घसरतो. त्याच वेळी विभाग पुसला जात असल्यास माहिती बिघडू शकते. म्हणून महत्त्वाच्या आकड्यांच्या दोन प्रती वेगवेगळ्या विभागांत ठेवतात.