लॅग नेमका कुठे असतो? नेटवर्कमधील विलंब शोधण्याचा इतिहास

या पाठाची सुरुवात रायपूरच्या गुढियारीतून करू. रेल्वे स्टेशनाच्या पलीकडची ही घाऊक बाजाराची वस्ती. माझा एक विद्यार्थी तिथे राहतो. खाली वडिलांचे किराणा दुकान, वर घर. तो रोज रात्री एका ऑनलाइन आभासी जगात मित्रांसोबत इमारती उभारायचा. नऊ वाजले की त्याचे पात्र चालता चालता थबके आणि दोन सेकंदांनी भलत्याच जागी उभे दिसे. त्याने वडिलांच्या मागे लागून इंटरनेटची महाग योजना घेतली. वेग दुप्पट झाला, लॅग तसाच राहिला. वडिलांनी एकच विचारले, "मग पैसे कशाचे भरले?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर शोधायला गेली चाळीस वर्षे माणसांनी काय काय केले, ते आधी पाहू.

आभासी जग इंटरनेटच्या प्रसाराहूनही जुने आहे. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने 'मड' हा केवळ शब्दांनी चालणारा खेळ लिहायला घेतला. पुढे रिचर्ड बार्टल यांनी तो वाढवला. १९८६ मध्ये लुकासफिल्मच्या 'हॅबिटॅट'ने कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर चित्रमय जग आणले, तेही ३०० बॉडच्या मोडेमवर चालेल अशा बेताने. इतक्या अरुंद वाटेवरही जग उभे राहिले, कारण फारच थोडी माहिती पाठवावी लागत होती. ही पहिली खूण लक्षात ठेवा: आभासी जगाला रुंद वाट लागते त्याहून जास्त वेळेवर पोचणारे पॅकेट लागते.

मग पॅकेट वेळेवर पोचते का, हे मोजायचे कसे? डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत माइक मूस यांच्यापुढे नेटवर्कचे विचित्र वागणे आले. त्यांनी साधारण एका रात्रीत छोटा प्रोग्रॅम लिहिला: पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला 'पिंग' हे नाव दिले.

पिंग एकूण वेळ सांगतो, पण वाटेत कुठे अडले ते सांगत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कले संकुल यांच्यातील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर जेमतेम ३६५ मीटर! तार तुटली नव्हती. उत्तर उशिरा आले की प्रत्येक संगणक तेच पॅकेट पुन्हा पाठवी, आणि त्यानेच गर्दी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी याचा छडा लावला. गर्दी दिसताच पाठवणाऱ्याने हात आखडता घ्यावा, हा त्यांचा उपाय १९८८ च्या शोधनिबंधात आला. त्याच काळात, १९८७ मध्ये, त्यांनी 'ट्रेसरूट' लिहिला. प्रत्येक पॅकेटवर 'इतके टप्पे झाले की मर' अशी मर्यादा असते. ती एक, दोन, तीन अशी वाढवत नेली की प्रत्येक टप्प्यावरचा राउटर आपणहून आपला पत्ता कळवतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. ट्रेसरूटमध्ये मधल्याच एका टप्प्याचा आकडा मोठा दिसला आणि पुढचे पुन्हा लहान झाले, तर तो टप्पा दोषी नाही. राउटरला पॅकेट पुढे ढकलण्याची घाई असते, आपल्याला उत्तर देण्याची नाही. वाढ शेवटपर्यंत टिकली, तरच संशय घ्यावा.

खेळ लिहिणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. डिसेंबर १९९६ मध्ये जॉन कार्मॅक यांनी 'क्वेकवर्ल्ड'मध्ये सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूची हालचाल त्याच्याच संगणकावर अंदाजाने दाखवायला सुरुवात केली. विलंब झाकला गेला, गेला नाही. अंदाज चुकला की पात्र झटक्यात मागे खेचले जाते. गुढियारीच्या पडद्यावर दिसत होते ते याच जातीचे.

आता आपण निदान करू. पहिला संशयित अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. रायपूर ते मुंबई साधारण १,१०० किलोमीटर. जाऊन येऊन किमान ११ मिलिसेकंद. सर्व्हर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असेल तर अंतर १३ हजार किलोमीटरच्या वर जाते आणि १३० मिलिसेकंद कुठलीही योजना वाचवू शकत नाही. केबलच्या वळणांमुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. दुसरा संशयित सर्व्हर. 'सेकंड लाइफ'सारख्या जगात आकडेवारीची पट्टी उघडता येते. तिथे 'टाइम डायलेशन' १ च्या बरेच खाली असेल तर सर्व्हरच दमला आहे, तुमचे नेटवर्क नव्हे.

आम्ही दुपारी मोजले: सर्व्हरपर्यंत २८० मिलिसेकंद, स्थिर. ते अंतराचे. रात्री नऊनंतर ९०० च्या वर. घरातल्या राउटरपर्यंत मात्र दोन्ही वेळा २ मिलिसेकंद, म्हणजे वायफाय निर्दोष. राउटरच्या लगेच पुढच्या टप्प्यापासूनच आकडा फुगत होता आणि शेवटपर्यंत तसाच राहत होता. नऊला काय होते? दुकान बंद होते आणि दिवसभराचे कॅमेऱ्याचे चित्रण क्लाउडवर चढू लागते.

हा आजार २०१० मध्ये जिम गेटिस यांना स्वतःच्या घरी सापडला होता. मोठ्या फाइली पाठवताना विलंब एका सेकंदाच्या वर जाई. मेमरी स्वस्त झाल्याने उपकरणांत अवाढव्य रांगा आल्या होत्या. पॅकेट हरवत नव्हते, रांगेत कुजत होते. त्यांनी याला 'बफरब्लोट' म्हटले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' ही पद्धत मांडली: रांगेची लांबी नव्हे, पॅकेट किती वेळ रांगेत थांबले ते पाहा.

नव्या योजनेत फक्त डाउनलोड वाढले होते. रांग अपलोडच्या दारात होती. चित्रण चढवण्याची वेळ पहाटे तीनची केली. त्या रात्री नऊनंतरही आकडा २८० राहिला. जुनी योजना परत घेतली.

तुम्हीही आज चार मोजमापे करा: राउटरपर्यंत, पुढच्या टप्प्यापर्यंत, जवळच्या शहरातील सर्व्हरपर्यंत आणि तुमच्या आभासी जगापर्यंत, एकदा घर शांत असताना, एकदा कुणी व्हिडिओ चढवत असताना. वहीत लिहा. पैसे त्यानंतर भरा.